डिंकमास्तरांची अचूक सेवा

"सत्तावीस वर्षांत माझ्या हातून झालेली एक चूक दाखवा," असं तुरुंगाच्या कचेरीतला एक कारकून दिवसातून एकदा तरी म्हणायचा. कुणी दाखवायला गेलं नाही. जायचं तर आधी त्याची वही उघडावी लागली असती, आणि त्या वहीला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

या कारकुनाला आतले कैदी डिंकमास्तर म्हणत. कचेरीतही हेच नाव चालायचं, फक्त पाठीमागे. तोंडावर सगळे 'साहेब' म्हणत आणि मान जराशी ताठ करून ते हा मान स्वीकारत. आपणही त्यांना अहो-जाहोच करू. एवढ्याशा माणसाचा उगाच अपमान नको.

त्यांचं काम एवढंच, की शिक्षा झालेला माणूस कुठल्या तारखेला सुटणार ते काढून ठेवायचं. कोर्टातून प्रत्येक कैद्याबरोबर एक कागद येई, त्याला वॉरंट म्हणत. गुन्हा कोणता, कैद किती, दंड किती, आणि दंड नाही भरला तर आणखी किती दिवस आत, हे सगळं त्या एका कागदावर. दरोडा, खून, जबर दुखापत, लोकांच्या ठेवी गिळणं, सगळं तिथे दोन-चार ओळींत बसायचं. मास्तर पकडल्याची तारीख धरत, सूट असेल तर वजा करत, पेन्सिलीने आकडेमोड करत आणि शेवटी लाल शाईने सुटकेची तारीख लिहीत. "न्यायाधीश वर्षं सांगतात, दिवस मी सांगतो," हे वाक्य ते नव्या शिपायांना हमखास ऐकवत. शिपाई हो हो म्हणून चहाचे कप उचलून नेत.

डिंकाचं प्रकरण त्यांच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षातलं. तेव्हा वॉरंटं दोऱ्याने बांधून फडताळात कोंबलेली असायची. त्यातलं एक हरवलं आणि जुन्या कारकुनाची नोकरी जाता जाता वाचली. मास्तरांनी धसका घेतला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाजारातून डिंकाची मोठी बाटली आणली, जाड रजिस्टर घेतलं आणि आलेलं प्रत्येक वॉरंट त्यात चारही कोपऱ्यांनी, मधोमध, दाबून चिकटवायला सुरुवात केली. वरून पट्टी फिरवायची, खाली 'तपासले' असा शिक्का मारायचा, की झालं. तेव्हापासून एक कागद हरवला नाही. वरिष्ठ खूश झाले, शाबासकीचं पत्र मिळालं, आणि मास्तरांनी तेही रजिस्टरात चिकटवलं.

घरी वेगळा प्रकार नव्हता. विजेची बिलं, मुलाची प्रगतिपुस्तकं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सगळं एका वहीत चिकटून बसलेलं. डॉक्टरांनी मागच्या बाजूला लिहिलेली औषधं त्यामुळे एकदा घ्यायचीच राहून गेली होती आणि बायकोचा खोकला महिनाभर हटला नव्हता. "मला कधी चिकटवताय?" असं ती विचारायची. मास्तर हसत नसत. विनोद त्यांना हिशेबात न बसणाऱ्या सुट्ट्या दिवसांसारखा वाटे, कुठे धरावा ते कळत नसे.

कैद्यांबद्दल त्यांना मनापासून तिटकारा होता, आणि तो लपवायची त्यांना गरज वाटत नसे. खिडकीशी येऊन कुणी बोटांवर वर्षं मोजायला लागला, की ते पेन खाली ठेवून बघत राहत. "मोज, मोज. पायाची बोटंही घे," म्हणत. तारीख तोंडी सांगायची नाही, विचारलं तर कारण द्यायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. हे सगळं मात्र फाटक्या कैद्यांपुरतं. एकदा हजारो लोकांच्या ठेवी बुडवलेला एक गृहस्थ दोन वर्षांसाठी आला होता. दंड एवढा, की मास्तरांना शून्यं दोनदा मोजावी लागली. त्याच्या वकिलाने दंड त्याच दिवशी भरून टाकला. मास्तरांनी त्याला बसायला खुर्ची दिली आणि सुटकेची तारीख कागदावर छान अक्षरात लिहून हातात ठेवली. पायाची बोटं त्या दिवशी कुणाला आठवली नाहीत.

अशा या मास्तरांच्या रजिस्टरात एक सुतार होता. तो काही साधू नव्हता. दोन मित्रांबरोबर त्याने एका गोदामावर दरोडा घातला आणि आडव्या आलेल्या पहारेकऱ्याचा हात पहारीने मोडला. तो हात पुढे कधी सरळ झाला नाही. कोर्टाने दरोड्याची सात वर्षं दिली, दुखापतीची तीन, वर पंधरा हजार दंड, आणि दंड न भरल्यास आणखी एक वर्ष. मास्तरांनी सात आणि तीन दहा केले, वर दंडाचं एक धरलं, आणि अकरा वर्षांनंतरची तारीख लाल शाईने लिहून वॉरंट चिकटवून टाकलं.

सुतार आतल्या सुतारखान्यात कामाला लागला. पहिल्याच वर्षी त्याने अर्ज केला: न्यायाधीश साहेबांनी दोन्ही शिक्षा एकाच वेळी भोगायच्या असं सांगितलं होतं, मी कानांनी ऐकलंय. म्हणजे सात वर्षंच. मास्तरांनी अर्जावर शेरा मारला, 'वॉरंटाप्रमाणे बरोबर. दप्तरी दाखल.' तिसऱ्या वर्षी दुसरा अर्ज आला, त्यालाही तोच शेरा. पाचव्या वर्षी सुतार स्वतः खिडकीशी आला.

"साहेब, तो कागद एकदा उलटून बघा. कोर्टातला बाबू लिहीत होता तेव्हा मी समोर उभा होतो. जागा संपली म्हणून त्याने कागद उलटा केला आणि मागे लिहिलं."

"असं का? न्यायाधीश तुझ्या कानात सांगून गेले, बाबू तुला दाखवून लिहितो. मग मी कशाला इथे बसलोय? तूच ये या खुर्चीवर."

"मी फक्त उलटून बघा म्हणतोय."

"चिकटवलेला कागद उलटत नसतो. चल, पुढे हो."

सुतार गेला. त्यानंतर त्याने अर्ज केला नाही. मास्तरांनी त्या दिवशी हा किस्सा तीन जणांना सांगितला आणि तिघेही हसले.

सुताराला शिक्षा होऊन पावणेआठ वर्षांवर होत आली, तेव्हा एका सकाळी त्याची थोरली बहीण खिडकीशी आली. ती इस्त्रीचं काम करायची, उजव्या मनगटावर भाजल्याचे जुने डाग होते. मास्तरांना निवृत्तीला चार महिने उरले होते. त्यांनी तिच्याकडे न बघताच विचारलं, "काय?"

"साहेब, भावाचा दंड भरायचाय. पंधरा हजार जमलेत आता. दंड भरला तर एक वर्ष कमी होतं ना?"

"दंड कोर्टात भरायचा असतो, इथे नाही. इथे काय दुकान आहे?"

"तिथे गेले होते. ते म्हणाले, निकालाची नक्कल काढा, तुरुंगातून कैद्याचा नंबर आणा, मग या. नक्कल काढली. मला नीट वाचता येत नाही. हीच ना ती?"

तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढले. इस्त्रीवालीचे कागद ते, एकही घडी वाकडी नव्हती. नंबर शोधायचा म्हणून मास्तरांनी नाखुशीने शेवटचं पान उघडलं आणि त्यांची नजर एका ओळीवर अडकली. 'दोन्ही शिक्षा आरोपीने एकाच वेळी भोगावयाच्या आहेत.'

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओळ तिथेच होती.

"ताई," ते म्हणाले. सत्तावीस वर्षांत खिडकीपलीकडच्या बाईला त्यांनी ताई म्हणायची ही पहिलीच वेळ. "बसा जरा बाकावर. मी रजिस्टर बघून येतो."

आतल्या खोलीत त्यांनी दार लोटून घेतलं आणि सुताराचं पान काढलं. वॉरंट कसं छान, सपाट, एक सुरकुती नाही. खाली त्यांचा शिक्का होता, 'तपासले'. शिक्क्याच्या जांभळ्या शाईखाली काहीतरी बारीक लिहिलेलं होतं. त्यांनी पान खिडकीच्या उजेडात धरलं. 'मागे पाहा.' त्यावरच त्यांनी शिक्का ठोकला होता.

तिकिटं भिजवायचा स्पंज घेऊन त्यांनी कागदाची कड ओली केली आणि पट्टीच्या टोकाने हळूहळू उकलली. डिंक त्यांनी स्वतः निवडलेला, चांगल्यातला. सुटता सुटेना. शेवटी मागची बाजू वर आली आणि फिसकटलेल्या निळ्या शाईत तीच ओळ दिसली. म्हणजे सुताराची सात वर्षं संपून नऊ महिने झाले होते. नऊ महिने एक माणूस सरकारी भिंतीआड बसला होता तो फक्त मास्तरांच्या डिंकामुळे.

रजिस्टरात त्याच्या आधी आणि नंतर शेकडो वॉरंटं चिकटवलेली होती, आणि अशी रजिस्टरं फडताळात अकरा होती. बाकीची त्यांनी उकलून पाहिली नाहीत. पुढचं एक पान त्यांनी उलटलं, कागदाच्या कडेवर बोट ठेवलं आणि बोट काढून घेतलं. पाप करायलाही थोडी हिंमत लागते, मास्तरांकडे ती नव्हती. त्यांच्याकडे फक्त मागची बाजू न बघण्याची सवय होती.

सरळ मार्ग एकच होता. अधीक्षक साहेबांपुढे वॉरंट ठेवायचं, चूक झाली म्हणायचं. बाई दंड भरून आली की सुतार त्याच दिवशी बाहेर. पण मग चौकशी लागली असती, निवृत्तिवेतन अडकलं असतं, आणि सत्तावीस वर्षांत एक चूक दाखवा हे वाक्य पुन्हा कधी तोंडातून काढता आलं नसतं. या शेवटच्या गोष्टीनेच त्यांना जास्त घाम फुटला.

मग डिंकमास्तर बोटांवर मोजू लागले. सात वर्षं संपली. दंड भरलेला नाही, म्हणजे पुढचं एक वर्ष दंडाच्या बदल्यात भोगायचं. त्यातले नऊ महिने भोगून झालेत. राहिले तीन. दंड भरलाच गेला नाही तर सगळं कायद्यात चपखल बसत होतं: आठ वर्षांनी सुटका, एक दिवस जास्त नाही की कमी नाही. चूक झालीच नव्हती! आणि बाईने आज पंधरा हजार भरले, तर मात्र ते नऊ महिने कशाचे, हे सगळ्या जगाला कळणार होतं. म्हणजे दंड भरू द्यायचा नाही. तीन महिने काढायचे सुताराने, आणि वाचायचं मास्तरांनी. हिशेब जमल्यावर त्यांचा चेहरा इतका खुलला, की जणू त्यांनी कुणाचा जीव वाचवला होता.

ते बाहेर आले तेव्हा बाई तशीच बसली होती, पिशवी पोटाशी धरून.

"ताई, तुमचे पैसे जपून ठेवा. दंड भरू नका."

"म्हणजे? मग अजून तीन वर्षं..."

"तीन वर्षं कशाला? भाऊ तुमचा चांगला वागतो. मी वर शब्द टाकतो. तीन महिन्यांत तो घरी येईल. पण कोर्टात दंडाचं नाव काढायचं नाही, नाहीतर सगळी फाइल पुन्हा उघडते आणि मग माझ्या हातात काही राहत नाही."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "तीन महिन्यांत?"

"मी सांगतोय ना. आणि ही नक्कल इथेच राहू दे, मला लागेल."

तिने नक्कल दिली. मग ती रडायला लागली, मोठ्याने, खिडकीचा गज धरून. "आठ वर्षांत माझ्याशी कुणी दोन शब्द धड बोललं नाही हो साहेब. वकिलाने पैसे खाल्ले, नात्यातल्यांनी दारं लावली. तुमचे कपडे मी आयुष्यभर फुकट इस्त्री करीन." शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाचेही डोळे भरून आले. मास्तरांनी हाताने 'असू दे, असू दे' अशी खूण केली.

दुपारी त्यांनी टिपण तयार केलं: 'निकालाची नक्कल प्राप्त. शिक्षेची फेरतपासणी करून सुटकेची तारीख दुरुस्त केली आहे.' अधीक्षक साहेबांना जिथे फुली असेल तिथे सही करायची सवय होती. सही करता करता ते म्हणाले, "निवृत्तीला आलात तरी किती बारकाईने बघता हो तुम्ही." मास्तर नम्रपणे हसले. त्यानंतर त्यांनी वॉरंट पुन्हा चिकटवलं, या वेळी डिंक जरा जास्तच लावून.

सुताराला नवी तारीख कळली तेव्हा त्याने ती दोनदा विचारून घेतली. बोटांवर मोजायला त्याला वेळ लागला नाही. पुढच्याच आठवड्यात सुतारखान्यात एक काम आलं. कचेरीतला माणूस निवृत्त झाला, की त्याला तिथे घडवलेली लाकडी पाटी देत. या वेळच्या पाटीवर कोरायचं होतं, 'सत्तावीस वर्षांची अचूक सेवा'. चांगली अक्षरं एकट्या सुताराचीच होती. त्याने लाकूड निवडून घेतलं आणि काम पूर्ण व्हायला सुटकेपर्यंतचे सगळे दिवस लावले.

सुटकेच्या दिवशी तो मास्तरांच्या टेबलापुढे उभा राहिला. केस पांढरे झाले होते. मास्तरांनी रजिस्टर पुढे सरकवलं.

"इथे सही कर."

त्याने सही केली आणि पेन हातातच ठेवलं. "साहेब, हे शेवटचं वर्ष कशाचं?"

"दंडाचं. दंड भरला नाही ना."

"ताई भरायला आली होती."

"मीच नको म्हटलं. म्हटलं, गरिबाचे पैसे कशाला..."

"मला भेटायला आली तेव्हा सांगत होती सगळं. देवमाणूस आहे म्हणाली." सुताराने आवाज चढवला नाही. "नऊ महिने चुकून गेले असतील. मी एका माणसाचा हात मोडलाय, चुका मला कळतात. पण हे तीन महिने तुम्ही सगळं दिसत असताना घेतलेत."

मास्तर दाराकडे बघत होते, कुणी ऐकत नाही ना म्हणून.

"घाबरू नका. मी तक्रार करणार नाही. मी ओरडलो तर तिला कळेल. तिच्या आयुष्यात एक माणूस तिच्याशी चांगला वागला, असं तिला वाटतंय. ते तसंच राहू दे. तुमच्यासाठी नाही हं. नीट ऐका, तिच्यासाठी."

त्याने पेन टोपण लावून ठेवलं आणि तो निघाला. फाटकाबाहेर बहीण उभी होती. तिने भावाला मिठी मारली आणि मग कचेरीच्या खिडकीकडे बघून दोन्ही हात जोडले. मास्तरांना मान हलवावी लागली. सुतार दुसरीकडे बघत होता.

इतकं झाल्यावर एखाद्याने तोंड लपवलं असतं. मास्तरांनी महिन्याभराने, निरोपाच्या कार्यक्रमाचा सदरा शिपायाहाती त्या बाईकडेच इस्त्रीला पाठवला. तिने पैसे घेतले नाहीत. सदरा असा आला, की कॉलरला हात लावायची भीती वाटावी. तो घालून मास्तर व्यासपीठावर बसले. अधीक्षक साहेबांनी भाषणात डिंकाच्या बाटलीचं कौतुक केलं, त्या बाईचा किस्साही सांगितला, कडक माणसाच्या आत कसं मऊ काळीज असतं वगैरे. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने पुन्हा डोळे पुसले. मास्तरांनीही पुसले, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या घटकेला ते खरेच रडत होते. आपण चांगले आहोत यावर त्यांचा विश्वास बसायला चारच महिने लागले. मग टाळ्या झाल्या आणि पाटी हातात आली. जड होती, अक्षरं सुरेख होती.

घरी आल्यावर ते पलंगावर बसून सदऱ्याची बटणं काढू लागले. बायको स्टुलावर चढली, एका हातात खिळा आणि हातोडी, दुसऱ्या हातात पाटी.

"किती सुंदर कोरलीय हो. कुणी केली?"

"असेल कुणीतरी आतला."

खिळ्याचा अंदाज घ्यायला तिने पाटी उलटी केली. "अगंबाई, मागेही काहीतरी कोरलंय. थांबा, चष्मा..." ती अक्षर अक्षर लावत वाचू लागली. "'उलटून बघा म्हणालो होतो.' हे काय? कोण म्हणालं होतं?"

मास्तरांचा हात तिसऱ्या बटणावर थांबला.

"खिळा नको मारूस," ते म्हणाले. "कपाटात डिंकाची बाटली आहे. भिंतीला चिकटवूनच टाकू."

"लाकूड कधी डिंकाने चिकटतं का?"

"मग लाकडाचा गोंद आणतो. आत्ता आणतो."

ते खरंच उठले आणि अर्धवट बटणं लावलेल्या सदऱ्यातच चपला शोधू लागले. बायको एरवी यावर काहीतरी चिमटा काढून हसली असती. आज ती हसली नाही. स्टुलावरून खाली उतरली आणि पाटीची मागची बाजू त्यांच्याकडे करून दारात उभी राहिली.

"गोंद नंतर आणा," ती म्हणाली. "आधी सांगा, कोण म्हणालं होतं?"